बुलढाणा जिल्ह्यातील माजी सैनिक संघटनांचे कार्य : स्वरूप, मर्यादा आणि 'माजी सैनिक' या संज्ञेचा प्रश्न

सारांश :
सैन्यातील जवान साधारणतः पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होऊन गावी परततो. त्यानंतरच्या दीर्घ आयुष्यात शासकीय योजना आणि त्याचे कुटुंब यांच्यातील दुवा म्हणून माजी सैनिक संघटना काम करतात. प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात या कार्याचे स्वरूप स्पष्ट केले असून, 'माजी सैनिक' या संज्ञेच्या व्याख्येबाहेर राहणाऱ्या जवानांचा व त्यांच्या कुटुंबांचा प्रश्न विचारार्थ मांडला आहे.

बीजसंज्ञा : माजी सैनिक, वीरपत्नी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, कुटुंब निवृत्तिवेतन, अग्निवीर.

प्रस्तावना :
बुलढाणा हा विदर्भाच्या पश्चिम टोकावरील तेरा तालुक्यांचा, मुख्यतः शेतीवर अवलंबून असलेला जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २५.८६ लाख आहे. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा याच जिल्ह्यात आहे. पश्चिम महाराष्ट्रातील सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांचे नाव सैनिकी परंपरेसाठी जसे घेतले जाते तसे बुलढाण्याचे घेतले जात नाही. तरीही कोरडवाहू शेतीतील अनिश्चित उत्पन्नामुळे सैन्यभरती हा येथील तरुणांना प्रतिष्ठेचा व स्थिर जीवनाचा मार्ग वाटत आला आहे. प्रशासकीयदृष्ट्या हा जिल्हा अमरावती विभागात मोडतो. सैन्यभरतीसाठी मात्र तो छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील भरती कार्यालयाशी जोडलेला आहे.

भरतीची चर्चा गावोगावी होते. निवृत्तीनंतरच्या आयुष्याची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते. देशात दरवर्षी सुमारे साठ हजार सैनिक निवृत्त होतात. त्यांपैकी बहुसंख्य जवान व हवालदार या श्रेणीतील असून त्यांच्यापुढे पंचवीस-तीस वर्षांचे कार्यक्षम आयुष्य शिल्लक असते. मुलांचे शिक्षण, घरबांधणी, आई-वडिलांचे आजारपण या सर्व जबाबदाऱ्या नेमक्या याच काळात येतात. माजी सैनिक संघटनांच्या कार्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

लेखाची उद्दिष्टे :
१) माजी सैनिकांच्या कल्याणासाठी असलेली शासकीय रचना समजून घेणे.
२) जिल्हा व तालुका पातळीवरील माजी सैनिक संघटनांच्या कार्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) 'माजी सैनिक' या संज्ञेच्या मर्यादा व त्यातून उद्भवणारे प्रश्न मांडणे.
४) संघटनांच्या पुढील कार्याची दिशा सुचविणे.

शासकीय रचना :
पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये त्याच्या नावात नौदल व हवाई दलाचा समावेश झाला आणि १९७५ मध्ये त्यास 'केंद्रीय सैनिक बोर्ड' हे नाव मिळाले. संरक्षणमंत्री या बोर्डाचे अध्यक्ष असतात. महाराष्ट्रात पुणे येथे राज्याचा सैनिक कल्याण विभाग असून त्याच्या अधिपत्याखाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये चालतात. बुलढाणा येथेही असे कार्यालय आहे. जिल्हा पातळीवरील मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, तर दैनंदिन काम जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी पाहतात. निवृत्त सैनिकांच्या रोजगारासाठी पुणे येथे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ (मेस्को) कार्यरत आहे.

या कल्याणकार्यासाठी लागणाऱ्या निधीचा एक भाग लोकवर्गणीतून उभा राहतो. १९४९ पासून ७ डिसेंबर हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. शाळा, महाविद्यालये व शासकीय कार्यालयांतून या दिनानिमित्त निधी संकलित होतो. अनेक विद्यार्थी छातीवर छोटा ध्वज लावतात. परंतु त्या ध्वजाच्या मोबदल्यात दिलेल्या पैशातून वृद्ध सैनिकाला अथवा त्याच्या विधवेला साहाय्य मिळते, ही माहिती त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

माजी सैनिक संघटना ही या शासकीय रचनेहून वेगळी, स्वेच्छेने उभी राहिलेली रचना होय. अशा संघटना प्रायः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्यांखाली नोंदविल्या जातात. राष्ट्रीय पातळीवर 'इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग', तर महाराष्ट्रात ब्रिगेडियर सुधीर सावंत यांच्या नेतृत्वाखालील 'सैनिक फेडरेशन' या संघटना परिचित आहेत. तालुका पातळीवरील संघटनांचे स्वरूप अधिक घरगुती असते. एखादे निवृत्त सुभेदार वा हवालदार पुढाकार घेतात, सभासद ठरावीक वर्गणी देतात आणि बैठक मंदिराच्या सभामंडपात अथवा एखाद्याच्या घरी होते.

संघटनांच्या कार्याचे स्वरूप :

अ) कागदपत्रांचे साहाय्य :
संघटनेच्या कामाचा मोठा भाग कागदपत्रांशी निगडित असतो. सैनिकाची सेवानोंद त्याच्या जिल्ह्यात नसते. ती त्याच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये असते. महार रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय सागर (मध्य प्रदेश) येथे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगाव येथे, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे कामठी येथे, तोफखान्याचे नाशिक रोड येथे, तर सिग्नल्सचे जबलपूर येथे आहे. निवृत्तिवेतनाची मंजुरी प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयातून होते. याचा अर्थ असा की, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या विधवेचा प्रश्न सुटण्यासाठी सागर, प्रयागराज आणि बुलढाणा या तिन्ही ठिकाणच्या नोंदी परस्परांशी जुळाव्या लागतात.

नेमक्या याच ठिकाणी अडचण निर्माण होते. ग्रामीण भागात विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलण्याची प्रथा होती. सेवापुस्तकात माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे नाव आणि बँकेत तिसरेच लेखन असे प्रकार आढळतात. जन्मतारखेच्या बाबतीतही हेच घडते. जवान हयात असताना ही दुरुस्ती तुलनेने सोपी असते. त्याच्या पश्चात मात्र प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, जिल्हा कार्यालयाची शिफारस आणि पत्रव्यवहार अशी दीर्घ प्रक्रिया सुरू होते. हे काम पूर्वी केलेला एखादा अनुभवी सभासद संघटनेत असला, तर कोणता अर्ज कोठे आणि कोणत्या क्रमाने पाठवावयाचा हे तो सांगू शकतो. त्यामुळे होणारी कालबचत हीच त्या कुटुंबाला झालेली मोठी मदत ठरते.

अलीकडे निवृत्तिवेतनाचे वितरण 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीमार्फत होते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' सुविधेमुळे तो अंगठ्याच्या ठशावरून देता येतो. तथापि, शेतीकामाने बोटांच्या रेषा झिजलेल्या वृद्धांचा ठसा यंत्रावर उमटतोच असे नाही आणि दाखला न पोहोचल्यास निवृत्तिवेतन थांबू शकते. अशा वेळी गावातील संघटनेने सभासदांची यादी ठेवून प्रत्येकाचा दाखला वेळेत गेला की नाही हे पाहणे, हे छोटे दिसणारे परंतु अत्यंत उपयुक्त कार्य आहे.

आ) हक्कांची माहिती :
कुटुंब निवृत्तिवेतन ही एकच गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. निवृत्तीनंतर अथवा सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने मृत्यू झाल्यास सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याचा नेहमीचा दर अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असून आरंभीची काही वर्षे ते वाढीव दराने मिळते. सैनिकी सेवेमुळे उद्भवलेल्या अथवा तिच्यामुळे बळावलेल्या कारणाने मृत्यू झाल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के दराने मिळते. युद्ध अथवा तत्सम कारवाईत मृत्यू आल्यास उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाइतके असते. मृत्यूच्या कारणाची नोंद कशी झाली, यावर कुटुंबाचे पुढील आयुष्य अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते.

अपंगत्व निवृत्तिवेतनाबाबतही असेच आहे. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत ज्या आजाराची नोंद नव्हती, तो आजार पुढे सेवेतून मुक्त होण्याचे कारण ठरला तर तो सेवेमुळे उद्भवला असे गृहीत धरावे, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मधील धरमवीर सिंह प्रकरणात मांडले. २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. परंतु असा निर्णय झाला आहे आणि असे न्यायाधिकरण आहे, हे चोरपांगऱ्यातील वा जळगाव जामोदमधील जवानाला कोणीतरी सांगावे लागते. हे सांगण्याचे काम संघटना करू शकते.

निवृत्तिवेतन न मिळणाऱ्यांसाठीही काही योजना आहेत. केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत पासष्ट वर्षांवरील निवृत्तिवेतनरहित माजी सैनिक व विधवांना मासिक साहाय्य मिळते. नोव्हेंबर २०२५ पासून ते चार हजारांवरून आठ हजार रुपये करण्यात आले. त्याच वेळी पाल्यांच्या शिक्षणासाठीचे मासिक साहाय्य एक हजारावरून दोन हजार रुपये, तर मुलीच्या विवाहासाठीचे साहाय्य पन्नास हजारांवरून एक लाख रुपये झाले. उच्च व्यावसायिक शिक्षणासाठी २००६ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना सुरू आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक व सैनिकांच्या विधवांसाठी मालमत्ता करात सवलत देणारी, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची योजना जाहीर केली. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गट 'क' व 'ड' या पदांसाठी माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. या सर्व योजनांचा लाभ अर्ज केल्यावरच मिळतो; घरपोच येत नाही.

इ) आरोग्य :
१ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) सुरू झाली. एकदा अंशदान भरल्यावर सैनिक व त्याच्या आश्रितांना योजनेच्या चिकित्सालयांतून व संलग्न रुग्णालयांतून उपचार मिळतात. देशभरात अशी चारशेहून अधिक चिकित्सालये आहेत. तथापि, बुलढाणा जिल्ह्याची 'घाटावर' व 'घाटाखाली' अशी जी नैसर्गिक विभागणी आहे, तिचा परिणाम येथेही जाणवतो. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर आहे, तर मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर, नांदुरा व शेगाव ही स्थानके घाटाखाली आहेत. घाटाखालील वृद्ध रुग्णाला कार्ड काढणे, नूतनीकरण करणे व संदर्भपत्र मिळविणे यासाठी करावा लागणारा प्रवास हा स्वतंत्र प्रश्न ठरतो. एकाच दिवशी अनेकांनी मिळून जाणे, सोबत माहितगार सभासद असणे, अशी साधी व्यवस्थाही अशा वेळी उपयोगी पडते.

ई) मार्गदर्शन, स्मरण व प्रतिनिधित्व :
पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणाऱ्या तरुणांना निवृत्त जवानांनी सराव करून घेणे, हे ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारे दृश्य आहे. प्रजासत्ताकदिनी ध्वजवंदन, २६ जुलै रोजी कारगिल विजय दिन, १६ डिसेंबर रोजी १९७१ च्या युद्धाचा विजय दिन आणि १४ जानेवारी रोजी माजी सैनिक दिन साजरा करणे, हेही संघटनांचे नियमित कार्य असते. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये १४ जानेवारी रोजी निवृत्त झाले, म्हणून हा दिवस निवडण्यात आला आहे. एखाद्या जवानाचे पार्थिव गावी येते तेव्हा अंत्यसंस्काराच्या व्यवस्थेत प्रशासनाच्या बरोबरीने माजी सैनिक उभे राहतात. गर्दी ओसरल्यावर त्या घराची चौकशी करणे, हे याच कार्याचे अधिक कठीण अंग होय.

सामूहिक मागण्या मांडण्यातही संघटनांचा वाटा राहिला आहे. समान श्रेणी व समान सेवाकाल असलेल्यांना, ते कोणत्याही वर्षी निवृत्त झालेले असोत, समान निवृत्तिवेतन मिळावे, ही मागणी अनेक दशके सुरू होती. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने २०११ मध्ये तिला पाठिंबा दिला. २०१५ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर प्रदीर्घ आंदोलन झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'एक श्रेणी, एक निवृत्तिवेतन' या योजनेची अधिसूचना निघाली. ती १ जुलै २०१४ पासून लागू असून दर पाच वर्षांनी फेरनिश्चितीची तरतूद तीत आहे.

'माजी सैनिक' कोण? :
वरील सर्व लाभ 'माजी सैनिक' या संज्ञेशी बांधलेले आहेत. या संज्ञेची व्याख्या केंद्र शासनाच्या नियमांत केलेली असून सेवामुक्तीच्या तारखेनुसार तिचे निकष बदलतात. १ जुलै १९८७ नंतर सेवामुक्त झालेल्यांच्या बाबतीत मुख्यतः निवृत्तिवेतनास पात्र ठरलेले, सेवेमुळे आलेल्या वैद्यकीय कारणास्तव मुक्त झालेले, आस्थापनेतील कपातीमुळे मुक्त झालेले अथवा ठरलेला सेवाकाल पूर्ण करून उपदान मिळालेले सैनिक तीत येतात. गणवेश घातलेला प्रत्येक जण या व्याख्येत बसत नाही. बुलढाणा जिल्ह्याला या वस्तुस्थितीचा अनुभव दोन वेळा अत्यंत क्लेशदायक रीतीने आला.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथील हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान हुतात्मा झाले. त्यांत मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांगरा येथील नितीन राठोड हे जिल्ह्याचे दोन सुपुत्र होते. लोकभावनेत ते सैनिकच होत. परंतु केंद्रीय राखीव पोलीस दल हे गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्याने त्या दलातून निवृत्त होणारे जवान 'माजी सैनिक' ठरत नाहीत. २०१२ मध्ये गृह मंत्रालयाने त्यांना 'माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी' अशी ओळख दिली. त्यामुळे माजी सैनिकांचे सर्व लाभ त्यांना आपोआप लागू झाले नाहीत. १ जानेवारी २००४ नंतर केंद्रीय सेवेत लागू झालेल्या अंशदायी निवृत्तिवेतन योजनेतून सैन्यदले वगळली गेली. केंद्रीय पोलीस दलांना ती लागू करण्यात आली आणि त्याविषयीचा वाद न्यायालयापर्यंत गेला.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०२३ मधील आहे. पिंपळगाव सराई येथील अग्निवीर अक्षय गवते यांना सियाचीन येथे कर्तव्यावर असताना वीरमरण आले. अग्निपथ योजनेतील, कर्तव्यावर प्राण गमावणारे ते पहिले अग्निवीर म्हणून देशभर त्यांची नोंद घेतली गेली. त्यांच्या कुटुंबास मिळणाऱ्या रकमांचा तपशील सैन्याने त्या वेळी जाहीर केला. त्यात ४८ लाख रुपयांचा विमा, ४४ लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधीतील रक्कम व उर्वरित सेवाकालाचे वेतन यांचा समावेश होता. मात्र नियमित सैनिकाच्या कुटुंबास मिळणारे आजीवन निवृत्तिवेतन या योजनेत नाही. एकरकमी साहाय्य आणि दरमहा मिळणारा आधार यांतील फरक शेतकरी कुटुंबाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नसते.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेनुसार अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते. त्यानंतर कमाल २५ टक्के जवान नियमित सेवेत घेतले जातात. उरलेल्यांना सेवानिधीची रक्कम मिळते. परंतु निवृत्तिवेतन, माजी सैनिकाचा दर्जा अथवा ईसीएचएस व कँटीनची सुविधा योजनेत नाही. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झाले असल्याने तिची चार वर्षे २०२६ अखेर ते २०२७ च्या आरंभी पूर्ण होतात. म्हणजे पस्तिशीऐवजी पंचविशीच्या आत गावी परतणारा, सैनिकी शिस्त अंगी असलेला पण 'माजी सैनिक' नसलेला तरुण वर्ग यापुढे प्रत्येक तालुक्यात दिसणार आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागांची घोषणा झाली आहे. तरीही अर्ज, पात्रता आणि मुदती यांची माहिती त्यांना गावातच मिळणे आवश्यक राहील.

संघटनांच्या मर्यादा :
बहुतांश संघटना निवृत्तिवेतनधारकांच्या संघटना म्हणून वाढल्या. त्यामुळे त्यांच्या कामकाजात निवृत्तिवेतनाचे प्रश्न अग्रस्थानी राहतात आणि ज्यांना निवृत्तिवेतनच नाही त्यांचे प्रश्न मागे पडतात. वीरपत्नींचा सत्कार समारंभात होतो; परंतु कार्यकारिणीत त्यांना स्थान मिळतेच असे नाही. कागदपत्रांचे ज्ञान एक-दोन ज्येष्ठ सभासदांपुरते मर्यादित असते आणि त्यांच्या पश्चात ते लोप पावण्याचा धोका असतो. एकाच तालुक्यात एकाहून अधिक संघटना असल्यास शासनाकडे जाणारे निवेदनही विभागले जाते.

उपाययोजना :
१) प्रत्येक तालुक्यात गावनिहाय नोंदवही ठेवावी. तीत निवृत्तिवेतनधारक, निवृत्तिवेतनरहित सैनिक, विधवा, केंद्रीय पोलीस दलांतील निवृत्त जवान व अग्निवीर यांची स्वतंत्र नोंद असावी.
२) सैनिक हयात असतानाच पत्नी व मुलांची नावे आणि जन्मतारखा सेवानोंदीशी जुळवून घेण्याची मोहीम हाती घ्यावी.
३) शासकीय लाभासाठी व्याख्या बंधनकारक असली, तरी संघटनेच्या सभासदत्वासाठी ती बंधनकारक नाही. केंद्रीय पोलीस दलांतील निवृत्त जवानांना व सेवा पूर्ण केलेल्या अग्निवीरांना सहयोगी सभासदत्व द्यावे.
४) कार्यकारिणीत वीरपत्नी व वीरमाता यांना प्रतिनिधित्व द्यावे.
५) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय छात्रसेना व राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी 'स्पर्श', जीवन प्रमाण व शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी संघटनांना साहाय्य करावे.

समारोप :
माजी सैनिक संघटनेचे कार्य ध्वजवंदन व सत्कार यांपुरते मर्यादित नाही. दूरच्या रेकॉर्ड ऑफिसमधील नोंद आणि गावातील घर यांच्यामधील अंतर कमी करणे, हे तिचे मुख्य कार्य होय. आजवर हे कार्य व्याख्येत बसणाऱ्या सैनिकांसाठी झाले. ज्या जिल्ह्याने पुलवामा येथे दोन आणि सियाचीनमध्ये एक सुपुत्र गमावला आणि ज्या तिघांपैकी एकही त्या चौकटीत बसत नव्हता, त्या जिल्ह्यातील संघटनांनी आपले दार त्यांच्या सहकाऱ्यांसाठी व कुटुंबांसाठी उघडे ठेवणे उचित ठरेल. कायद्यातील व्याख्या बदलणे संसदेच्या व शासनाच्या हाती आहे. नोंदवहीत एक नाव वाढविणे मात्र तालुक्यातील संघटनेच्या हाती आहे.